नियंत्रण गटाचं दळण

परिमाणात्मक सामाजिक शास्त्रांच्या पदवी अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एका मानवी समूहाचे मोजमाप करावे, असा नियम आहे. समूहाची हरकत असल्यास काय करावे, याबद्दल नियम नाही. लोणावळ्याच्या एका महाविद्यालयातील वल्लरीच्या वाट्याला कुरवंड्याच्या वरच्या अंगाची कारवीची वाडी आली. वाडीत दोन आळ्या, मध्ये ओढा, आणि पिठाची गिरणी तीन किलोमीटर खाली. बायका दळणाचा डबा डोक्यावर घेऊन डोंगर उतरत आणि पीठ घेऊन चढत. एका फेरीला अडीच तास लागतात, हे वल्लरीने घड्याळ लावून नोंदवले.

तिचा प्रश्न साधा होता. आळीतच गिरणी असली तर बायकांचा वेळ वाचतो का?

मार्गदर्शक प्राध्यापक इंदिरा बाळ यांना प्रश्न आवडला. "उत्तर माहीत आहे असं जिथं वाटतं, तिथंच धोका असतो," त्या म्हणाल्या. एका दानशूर संस्थेकडून विजेवरची छोटी गिरणी मिळवण्यात आली. ती कोणत्या आळीला द्यायची, हे शास्त्राच्या रीतीप्रमाणे नाणे उडवून ठरले. वरची आळी प्रयोग गट झाली. खालची आळी नियंत्रण गट झाली, म्हणजे तिथे काहीही होऊ द्यायचे नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या नंदाबाई डोक्यावर डबा घेऊन ओढा ओलांडून आल्या. ओढ्यापासून गिरणी दीडशे पावलांवर होती. नंदाबाईंचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून धरलेला होता, त्यामुळे मोजमाप त्यांनीही केले होते.

"मावशी, तुम्ही नियंत्रण गटात आहात," वल्लरी म्हणाली.

"व्हय का? आन् दळन?"

"ते तुम्ही नेहमीप्रमाणे खाली न्यायचं."

"गिरन तर हितं हाय."

"आहे, पण नाही असं समजायचं. तुम्हालाही गिरणी मिळाली तर ती नसल्यानं काय होतं, हे आम्हाला कसं कळणार?"

"मला इचार की. चाळीस वर्सं जातीय मी."

"तो अनुभव झाला, मावशी. पुरावा नव्हे."

नंदाबाईंनी डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि पुरावा द्यायला डोंगर उतरल्या.

पुढच्या पंधरवड्यात वरच्या आळीतल्या रतनबाईंच्या घराने एकोणसत्तर किलो तांदूळ आणि नाचणी दळल्याचे आढळले. रतनबाई या नंदाबाईंच्या जाऊबाई. घरात माणसे चार.

"चार माणसं एवढं खातात?" वल्लरीने विचारले.

"भूक लागती," रतनबाई म्हणाल्या. "मोजनारी मान्सं दारात आली की जास्तच लागती."

बाळ मॅडमनी या प्रकाराला गळती म्हटले. पीठ पलीकडे जाऊ नये म्हणून ओढ्यावरच्या साकवाशी वजनकाटा ठेवण्यात आला. तेव्हा बायका पिठाऐवजी भाकऱ्या नेऊ लागल्या. यावर 'पाहुणचार नोंद' नावाचा तक्ता निघाला. जावेकडे गेलेल्या जावेने चहा घ्यावा, भाकरी खाऊ नये. खाल्ल्यास ती कुठल्या पिठाची हे लिहावे. भैरवनाथाचे देऊळ अगदी ओढ्याच्या काठावर, आणि नैवेद्य दोन्ही आळ्यांचा. देव कोणत्या गटात, हा प्रश्न महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीपुढे गेला. लेखी संमती नसल्याने समितीने देवाला अभ्यासातून वगळले.

नंदाबाईंचा मुलगा सोपान पर्यटकांची जीप चालवतो. एका सोमवारी त्याने अख्ख्या खालच्या आळीची दळणे जीपमध्ये घातली आणि चाळीस मिनिटांत पीठ घरोघरी दिले.

"असं केलंत तर फरकच उरणार नाही," वल्लरी काकुळतीने म्हणाली.

"फरक उरू नये म्हनूनच केलं, ताई."

बाळ मॅडमनी स्वतः येऊन त्याला संमतीपत्र दाखवले. त्यावर त्याच्या आईचा अंगठा होता आणि अंगठ्याच्या वर छापले होते, 'अभ्यासकाळात माझी परिस्थिती सुधारणार नाही, याची मी दक्षता घेईन.' सोपानने ते दोनदा वाचले. जीप पर्यटकांकडे परत गेली.

चार महिन्यांनी आकडेमोड झाली. वरच्या आळीचा वेळ वाचला होता. पण असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात पाचांपेक्षा कमी असावी लागते, तरच तो फरक मानतात. वल्लरीची शक्यता आली पाच पूर्णांक तीन दशांश. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या बायकांचा वेळ वाचला नव्हता. त्यांना तो नुसताच मिळाला होता.

वल्लरी नंदाबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. डोळे लाल होते.

"काय झालं, बाय?"

"वर्ष वाया जाणार, मावशी. फरक जरा कमी पडतोय."

"कुनाचा?"

"तुमचा. तुमची आळी दळण घेऊन थोडी लवकर परत येते."

"जीव जातो चढताना, आन् लवकर म्हनतीस." नंदाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. चार महिन्यांत पोरीचा लळा लागला होता. "किती कमी पडतंय?"

"फेरीला वीस-पंचवीस मिनिटं."

"येवढंच ना. मी गुडघ्याला तेल लावायचं बंद करते. आपसूक हुईल. बाकीच्यांनाबी सांगते."

हे चालेल का, असे वल्लरीने मॅडमना फोन करून विचारले.  मॅडम म्हणाल्या, "तेल ही सहभागी व्यक्तीची खासगी बाब आहे. आपण त्यात पडायचं नाही."

अभ्यासाच्या उरलेल्या तीन आठवड्यांत खालच्या आळीला फेरीला तीन तास लागू लागले. नंदाबाईंना सव्वातीन. त्या चढावर दर वेळी दोनदा बसत. एकदा पडल्या, पडलेल्या अवस्थेतील वेळही धरण्यात आला. शक्यता चार पूर्णांक आठ दशांशावर उतरली आणि आळीत गिरणी असल्यास वेळ वाचतो, हे सिद्ध झाले. वल्लरीला प्रथम श्रेणी मिळाली. तिने दोन्ही आळ्यांत चिक्की वाटली. नियंत्रण गटाला काही द्यायला आता हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने काठी सांभाळत ओढ्यापलीकडे आल्या. गिरणी टेम्पोत चढवली जात होती. रतनबाई शेजारी उभ्या होत्या.

"सिद्द झालं ना?" नंदाबाईंनी विचारले.

"झालं, मावशी."

"मंग ही कुटं चालली?"

"अभ्यास संपला," वल्लरी जमिनीकडे बघत म्हणाली. "गिरणी इथं राहिली तर वाडी पहिल्यासारखी राहणार नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांना मोजायला काय उरेल, असं मॅडम म्हणतात."

"म्हंजी आता आमीबी खाली?" रतनबाई म्हणाल्या.

"या की. सोबत हुईल," नंदाबाई म्हणाल्या आणि डबा पुन्हा डोक्यावर घेतला.

वाडीने गिरणी परत मिळावी म्हणून अर्ज केला. महाविद्यालयाने तो नाकारला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवालात एक उणीव दाखवली होती. गिरणी असलेले पाहिले, गिरणी नसलेले पाहिले. पण ज्यांना हे सगळे तपशीलवार माहीत आहे आणि तरीही ज्यांच्याकडून काही होत नाही, अशा तिसऱ्या गटाचे मोजमाप राहून गेले. ते पुरे झाल्यावर अर्जाचा विचार होईल. तोवर गिरणी महाविद्यालयाच्या जिन्याखाली झाकून ठेवली आहे.

असा गट वाडीत मिळेना. तिथे ज्याला कळते तो निदान समोरच्याचा डबा उतरवायला हात लावतो. म्हणून तो गट हा छापील मजकूर वाचणाऱ्यांमधून घ्यायचे ठरले. नाणे उडवावे लागले नाही. आपण इथवर वाचलेत, ही आपली संमती समजण्यात आली आहे. आपल्याला काहीही करायचे नाही. मध्येच कुणी काही केले, तर त्याचे नाव गटातून कमी करावे लागेल. तशी वेळ अजून एकाही नावावर आलेली नाही.