विलास घाडी आणि पुढच्या तीन रांगा

विलास घाडीच्या विनोदाला हसणं म्हणजे चौकीत जबानी देण्यासारखं होतं. जिन्यात गाठून तो एखादा किस्सा सांगायचा आणि आपण हसलो की एकदम गंभीर व्हायचा.

"कुठल्या शब्दाला हसलास?"

"अरे, सगळ्यालाच हसलो."

"असं नसतं रे. कुकरला हसलास की सासूला?"

आपण अंदाजाने कुकर म्हणायचं. मग तो म्हणायचा, "म्हणजे सासू काढायला पाहिजे." आणि सासू काढलेला तोच किस्सा घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या शाहबेनकडे जायचा. शाहबेनना मराठी जेमतेम कळायचं. "त्या हसल्या तर विनोद खरा. तू काय, शेजारी म्हणून पण हसशील."

घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते तेव्हाची ही गोष्ट. बोरीवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर विलास आणि त्याची आई राहायचे. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर हे दोघं लालबागची खोली सोडून इकडे आले. विलास चारकोपच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. गणपतीत नकला करायचा, ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये वादक चहा पिऊन येईपर्यंत स्टेज सांभाळायचा. लिहायचा सगळं स्वतः. "दुसऱ्याचा विनोद म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश," असं त्याचं मत.

एके दिवशी त्याने कारखाना सोडला. म्हणाला, "आता फक्त हसवणार." बिल्डिंगने त्याला वेड्यात काढलं. काकींनी, म्हणजे त्याच्या आईने, आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. मला मात्र मुलाबद्दल मालवणीत म्हणाल्या, "लोकांचे झील नोकरेत वर चढतत. आमचो स्टेजार चढलो." त्याचा एकही कार्यक्रम त्यांनी पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणायच्या, "घरात रोज बघतंय. थंय जावन नवीन काय बघूचा?"

शेवटी विलासने स्वतःचा दोन तासांचा एकपात्री प्रयोग लावला, तिकीट लावून, भाड्याच्या हॉलमध्ये. नाव ठेवलं 'जरा सरकून बसा'. पडला तर पुन्हा पॅकिंगला जायचं, असं तो मला म्हणाला होता. हे सांगताना पहिल्यांदाच तो विनोद करत नव्हता.

आम्ही झाडून सगळी बिल्डिंग गेलो. पुढच्या तीन रांगा आमच्याच. शाहबेननी काकींनाही हाताला धरून आणलं होतं. काकी माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

पडदा उघडला आणि वाट लागली. विलास दोन वर्षं आमच्यावरच रियाज करत होता ना. आम्हाला सगळं पाठ. तो किस्सा सुरू करायचा आणि विनोद यायच्या आधीच पुढच्या तीन रांगा खो-खो हसायच्या. मागच्यांना कळेना काय झालं. ते विचारात पडायचे आणि खरा विनोद यायचा तेव्हा हॉल चिडीचूप. त्यात शाहबेन मोठ्याने गुजरातीत म्हणाल्या, "हवे कुकर आवशे." आणि आला ना कुकर.

विलासला घाम फुटला. तो थांबला. पाणी प्यायला. मग माइक हातात घेऊन म्हणाला, "मंडळी, पुढे बसलेत ते माझे शेजारी. यांना माझं सगळं पाठ आहे. पण मलापण हे पाठ आहेत."

आणि सुटला. आमचे सेक्रेटरी पाण्याचा पंप चालू करताना जिन्यात कसे आरोळी देतात, शाहबेन भाजीवाल्याशी तीन भाषांत कशा भांडतात. मग माझ्याकडे बोट केलं. "हा माझा दोस्त. हा हसायच्या आधी बायकोकडे बघतो, चालेल ना म्हणून." मी बायकोकडे बघितलं. हॉल कोसळला.

मग त्याने खांद्यावर टॉवेल टाकला, किंचित पोक काढलं आणि दारात चपला काढल्याचा अभिनय केला. आवाज जाड, घोगरा. "आयकलंस गो? च्या टाक. पाय भरून इले."

लोक त्या चालीलाच हसले. माझ्या शेजारी काकींचा पदर खांद्यावर घसरला होता. त्यांनी तो चटकन डोक्यावर ओढला आणि खुर्चीतून अर्ध्या उठल्यासुद्धा. मग कुठे आहोत ते लक्षात येऊन तशाच थबकल्या.

विलासने स्टेजवरून ते पाहिलं. मग त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बस, बस. आज मीच टाकतंय."

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आला. काकींनी पदर तोंडाला लावला होता. डोळे पुसत होत्या की हसत होत्या, मी नीट बघितलं नाही.

विलासला पुन्हा पॅकिंगला जावं लागलं नाही. पार मुलुंड-घाटकोपरपर्यंत त्याचे प्रयोग लागायला लागले. पण वडिलांची नक्कल त्याने परत कुठल्याच स्टेजवर केली नाही. लोक फर्माईश करायचे, तो विषय बदलायचा.

प्रयोग नसेल त्या दिवशी मात्र संध्याकाळी तळमजल्यावरून जाताना ऐकू यायचं. दारात चपला काढल्याचा आवाज, मग तो घोगरा आवाज, "आयकलंस गो? च्या टाक."

आणि आतून काकी म्हणायच्या, "टाकलंय. आधी पाय धुवन घेवा."