लिंबाच्या पानांचा नकाशा

बशीरचाचांना तुम्ही सौदीतल्या खोबर शहरात कुठल्याही रस्त्यावर ओळखलं असतं. लिंबाचं झाड दिसलं की हा साठीला टेकलेला गृहस्थ कुणाच्याही कुंपणातून हात आत घालायचा आणि कोवळं पान उलटं करून चष्म्यापाशी न्यायचा. पान वेडंवाकडं वळलेलं निघालं की स्वारी खूश. "इथंपण पोचलीय बघ!"

ही पोचणारी म्हणजे पान पोखरणारी अळी. चाचा दापोलीकडचे, आमच्या कामगार कॅम्पात एसी मेकॅनिक. मी पाइप फिटर. एरवी तोंडातून शब्द काढायचे नाहीत, पण अळीचा विषय निघाला की आवरायचे नाहीत.

"अरे चिपळूणकर, ही पानाच्या वर नाय, खाली नाय. दोन पापुद्र्यांच्या मधे राहते. तिथंच खाते, तिथंच वाढते. मग पानाची कड दुमडून आत झोपते आणि उठते ती पाखरू होऊन. तांदळाच्या कणीएवढं!"

अळीची चंदेरी नागमोडी वाट ते आम्हाला जेवताना दाखवत. एकदा ते पान माझ्या आमटीत पडलं. चाचांना काळजी पानाची.

इराकने कुवेत घेतलं, रस्तोरस्ती चौक्या बसल्या, तरी त्यांची फेरी चुकेना. अळी कुठवर पसरलीय याचा त्यांनी वहीत नकाशाच काढला होता. गल्ल्या, वळणं आणि सापडेल त्या झाडावर लाल फुली. एका शुक्रवारी ती वही चौकीवरच्या शिपायाच्या हाती लागली.

"ऐश हादा?" हे काय, त्याने दरडावलं.

चाचांनी उत्साहाने हिंदीत सांगितलं, दुश्मन कुठे कुठे पोचलाय ते! मग काय, थेट आत. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही तिथे होतो तो मालक, धावत आला. शेवटी चाचांनी सगळ्यांना जवळच्या झाडापाशी नेऊन पान दाखवलं तेव्हा सुटका झाली. शिपाई हसला आणि म्हणाला, माझ्या घरच्या लिंबालाही हेच झालंय. चाचांनी तिथल्या तिथे त्याच्या घराचा पत्ता विचारला. फुली मारायला.

जानेवारीत लढाई पेटली. हल्ल्याचा भोंगा झाला की आम्ही सहाजण खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत विषारी वायूचे मास्क चढवून बसायचो. एका संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा चाचांचं बायकोला लिहायचं पत्र अर्धंच झालं होतं आणि ते घेऊन जाणारा माणूस सकाळी जेद्दामार्गे निघणार होता. मास्कमध्ये चष्मा मावेना. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तू लिही."

मी आधीचं वाचलं. लढाईचं एक अक्षर नव्हतं. सगळी अळीच.

"चाचा, भोंग्याचं काहीच नाही?"

"कशाला? ती जेवायची नाय. आठ वर्षं एकटी हाय तिकडं," मास्कमधून घुमणाऱ्या आवाजात ते म्हणाले. "तिला खोटं लिवायला मला जमत नाय. म्हणून खरं काहीतरी शोधत फिरतो."

लांब कुठेतरी धडाका झाला, काचा थरथरल्या. चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं. पण सांगणं थांबलं नाही. "लिही, आज एक पाखरू बाहेर आलं. मी बघितलं."

मला भडभडून आलं, आणि मास्कमुळे डोळेही पुसता येईनात. त्यांचं पत्र संपवून मी दुसरा कागद घेतला. महिनाभर काय लिहावं ते न सुचल्याने आईला पत्रच धाडलं नव्हतं.

"ती. आईस," मी लिहिलं, "इथे लिंबाच्या पानात एक अळी राहते."