झिपराक्काचा बाहुला

बाळांनो, सरळ बसा. एका जंगलात कुणालाच काही येत नाही, असं एके दिवशी जाहीर झालं.

जाहीर करणारी लांडोर होती. ती शहरातल्या बागेत राहून आली होती, म्हणून सगळे तिला लांडोर मॅडम म्हणत. मॅडमनी वडाखाली कापडी बाहुल्या आणि मणीकामाची कार्यशाळा उघडली.

कापड नदीकाठी वाळत घातलेल्या धुण्यातलं, कापूस सावरीचा, मणी गुंजांचे. सुया साळिंदराच्या. सुया देऊन देऊन साळिंदर मागून टकलं झालं, पण कलेसाठी एवढं सोसावंच लागतं, असं मॅडम म्हणाल्या.

झिपराक्का अस्वलीणही आली. तिच्या लेकीला, गुबीला, झोपताना कुशीत घ्यायला बाहुली हवी होती. गुबीही आईशेजारी बसून मणी ओवत असे. तिला एकच गोष्ट जमली, गुंजांची नथ.

झिपराक्काला तेवढंही जमेना. अस्वलाचे पंजे ते. शेवटी जे तयार झालं त्याचा एक पाय आखूड होता, पोट सुटलेलं होतं, डोक्यावर केस नव्हते आणि तोंड शिवायचं राहूनच गेलं होतं.

"अक्का, हे रताळं कुणासाठी शिवलंत?" सशिणीने विचारलं.

सगळ्या हसल्या. झिपराक्काने बाहुली पाठीमागे लपवली. गुबीला तीच हवी होती. पण बाळांनो, आयांना लेकीपेक्षा शेजारणी जास्त मोठ्याने ऐकू येतात.

समारोपाला बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं ठरलं. वाघोबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं गेलं, मुंडावळ्या तयार झाल्या, आणि मग लक्षात आलं की सगळ्यांनी नवऱ्याच केल्यात. मणी शोभतात नवरीला. बाहुला करतो कोण?

सगळ्यांची नजर झिपराक्काच्या पाठीमागे गेली.

"अगंबाई," सशीण म्हणाली, "हा तर मुलगा."

झालं. पोट सुटलंय, म्हणजे खात्यापित्या घरचा. टक्कल आहे, म्हणजे हुशार. पाय आखूड, म्हणजे घर सोडून कुठे भटकायचा नाही. मुलाला तोंडच नाही हे ऐकून तर माकडीण गहिवरली. असा जावई तिने जन्मात पाहिला नव्हता.

गुहेपुढे स्थळांची रीघ लागली. कालपर्यंत खाली मान घालून बसणारी झिपराक्का आता दगडावर पाय पसरून बसली. मुलींना ती चालून दाखवायला सांगू लागली. बाहुल्याच त्या, कुठून चालणार? म्हणून कितीतरी जणी नापास झाल्या. अखेर सशिणीची मुलगी पसंत पडली.

"आमचं काही मागणं नाही हो," झिपराक्का म्हणाली. "तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या." आणि तिने सशिणीच्या बिळावरच्या, मधाच्या पोळ्यांनी लगडलेल्या झाडाकडे एकटक पाहिलं.

"आई, माझी बाहुली?" गुबीने विचारलं.

"बाहुली काय म्हणतेस? दादा आहे तो तुझा."

गुबी गप्प बसली. गप्प बसणाऱ्या मुलींच्या हाताला काम असतं.

लग्नाला वाघोबा आले. अंतरपाट धरला गेला. कावळ्याने बेसूर मंगलाष्टकं म्हटली. मग अंतरपाट दूर झाला, आणि पाहतात तो नवरदेवाच्या नाकात गुंजांची नथ.

"अगंबाई," सशीण म्हणाली, "ही तर मुलगी. आणि पोट बघा हिचं."

टकली पोरगी कोण करून घेणार, असं माकडीण म्हणाली. शिवाय लंगडी. तोंड नाही हे तेवढं बरं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. लग्न मोडलं, पण जेवणाचं काय, असं विचारत वाघोबांनी सशिणीकडे पाहिलं, तेव्हा वऱ्हाड भराभर पांगलं.

वडाखाली झिपराक्का एकटी उरली. नथ उपटली की मधाचं झाड अजूनही आपलंच, हे तिला कळत होतं. तिने पंजा पुढे केला. पण गुबी बाहुलीच्या त्या सुटलेल्या पोटावर डोकं ठेवून केव्हाच झोपली होती. इतक्या दिवसांत त्या पोटाचा पहिल्यांदाच काही उपयोग होत होता. झिपराक्काने पंजा मागे घेतला.

तात्पर्य : बाहुली बिघडली तर ती उसवण्यात वेळ घालवू नये. तिला बाहुला म्हणावं.