गाढवाच्या हसण्याचा झगडा

पुढे लोक पुस्तके उघडतील, पोरे चित्रांवर बिस्किटाची बोटे पुसतील, आणि ही चित्रे कागदावर आपोआप उगवली ऐसे सर्व मानतील. सबब खरे काय वर्तले ते कोणी तरी नमूद करावे, ऐसे मनी आणून, पाहिले आणि ऐकिले त्यात पदरचे काही न घालता ही हकीकत सादर केली असे. वाचणारांनी मध्येच हसू नये. हसावे की न हसावे, हाच तर झगड्याचा मजकूर आहे.

ऐसियास, चित्रकर्त्या बाई म्हणून एक मातब्बर असामी होत्या. कोणाची चाकरी नाही, कोणाचा हजेरीपट नाही. वर्तमानपत्रास व्यंगचित्रे आणि मुलांच्या पुस्तकांस रंगीत चित्रे पुरवून आपले राज्य आपण चालवीत. राज्य म्हणजे घरातील जेवणाचे टेबल. त्याची खिडकीकडील बाजू बाईंच्या अमलात, आणि ओट्याकडील बाजू सासूबाईसाहेबांच्या अमलात, आणि मध्ये मिठाची बरणी सरहद्द राखून उभी. भाजीचे देठ इकडे आले, खोडरबराचा चुरा तिकडे गेला, ऐशा कुरापती नित्य होत आणि नित्य मिटत. त्याउपरि घरी बसून केले ते काम नव्हे, ऐसा तमाम मुलखाचा समज; मग गॅसवाला, शेजारणीचे पार्सल, नळदुरुस्तीवाला आणि यजमानांच्या सदऱ्याचे बटण, या सर्व स्वाऱ्या एकट्या बाईंवर चालून येत, आणि बाई एका हाती ब्रश धरून दुसऱ्या हाताने दार उघडीत. ऐसी त्यांची शर्थ.

त्या समयी बाईंनी एक नवे पुस्तक हाती घेतले होते. गोष्ट ऐसी की, एक गाढव आणि एक बदक यांची मोठी दोस्ती. पुढे बदक परमुलखी उडून जाते आणि गाढव कुंपणाशी उभे राहून वाट पाहते. ऊन जाते, पाऊस जातो, गाढवास ताप येतो, ताप उतरतो, आणि शेवटच्या पानी बदक परत येते. बाईंनी गाढव रेखिले ते कान लोंबते, पोट सुटलेले आणि तोंड मिटलेले. पानोपानी ते हसत नाही. शेवटच्या पानी, बदक दिसता, आयुष्यात पहिल्याने हसते. ते एक हसू बाईंनी राखून ठेविले होते, जैसा किल्लेदार निकराच्या वेळेस तोफेची शेवटची दारू राखतो. आणि ते पान अद्याप कोरेच होते.

इतक्यात प्रकाशनगृहाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. संपादिकाबाई मनाने आपल्या पक्षाच्या, परंतु त्यांची खुर्ची विक्रीप्रमुख साहेबांच्या मजल्यावर; सबब त्यांनी घसा खाकरून साहेबांचे फर्मान पोचविले, ते ऐसे: उदास जनावर दुकानात खपत नाही, करिता गाढव पहिल्या पानापासून हसते करावे, कव्हरावर तर दातही दिसावेत, आणि हे न जमल्यास दुसरे चित्रकार पुष्कळ आहेत.

बाईंस मोठा धक्का बसला. कितेक महिने त्या गाढवासंगे राहिल्या होत्या. त्याचे पाय किती वेळा पुसून काढिले, शेपटीसाठी किती कागद फाडिले, आणि आता ते परक्याच्या हाती जाऊन दात काढीत फिरणार, हे मनास सोसेना. मग तहाची बोलणी लाविली. एक कान उभा करिते, आकाश पिवळे करिते, दर दोन पानांस एक फुलपाखरू देते, इतके कबूल केले. साहेबांनी फुलपाखरे ठेवून घेतली आणि हसूही मागितले.

यजमान बँकेतून घरी आले, त्यांस बाईंनी वर्तमान सांगितले. यजमान मोजे काढता काढता म्हणाले, "अगं, एक रेघ तर वर वळवायची."

त्या संध्याकाळी यजमानांनी आपला चहा आपण करून घेतला, आणि साखर कोठे असते हे त्यांस बहुत उशिरा उमगले.

दुसरे दिवशी बाईंस राग अनावर होऊन, हसूच हवे तर घ्या, ऐसे म्हणून त्यांनी निरोपाचे पान काढिले. बदक उडून चालले आहे, आणि कुंपणाशी गाढव या कानापासून त्या कानापर्यंत हसते आहे, दात सर्व बाहेर, डोळे वटारलेले. इतक्यात दाराची घंटा वाजली म्हणून बाई उठून गेल्या. परत येऊन पाहतात तो पानावर कढईचे झाकण पालथे घातलेले, आणि सासूबाई सरहद्दीपलीकडे पाठ करून घेवडा निवडीत बसल्या आहेत.

झाकण का ठेविले म्हणून बाईंनी विचारिले.

"मला भाजी निवडू देईना ते," सासूबाई म्हणाल्या. "सारखं बघतंय माझ्याकडे."

बाईंनी झाकण हाती घेतले, आणि त्यांच्या मनात मसलत शिजली. समोरून लढून जे मिळत नाही ते शरण जाऊन मिळवावे, हा डोंगरी लढाईचा जुना कायदा. मग त्यांनी फर्मान अक्षरशः पाळिले. सर्व पाने नव्याने काढिली. पावसात भिजते गाढव हसते आहे. अंधारात एकटे उभे गाढव हसते आहे. तापाने फणफणले, कपाळी ओली पट्टी, तरी हसते आहे. झोपेतही हसते आहे. घरातील कढया, पातेली आणि डबे यांची सर्व झाकणे कामी आली, आणि सासूबाईंनी आपली छावणी उठवून सोफ्यावर नेली.

मग खासा स्वारी निघाली. बाईंनी दोन फायली काखेत मारिल्या, एक वर आणि एक खाली, आणि बसने प्रकाशनगृही दाखल जाहल्या. काचेची खोली, लांब मेज, एसीचा गारठा ऐसा की पाण्याच्या बाटल्यांसही हुडहुडी भरावी. साहेब विराजमान, शेजारी संपादिकाबाई नखे पाहत बसलेल्या. बाईंनी वरची फाईल पुढे सारिली आणि हुकमाप्रमाणे सर्व केले आहे ऐसे नम्रपणे सांगितले. परंतु साहेबांनी हेच ठीक म्हटले तर पुस्तकावर ह्या दातांसह आपलेच नाव छापले जाणार, हे त्या जाणत होत्या.

साहेबांनी निरोपाचे पान पाहिले, आणि मान तिरकी करून पुन्हा पाहिले.

"बदक चाललंय ना हे? मग याला आनंद कसला झालाय?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून हसतंय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पान उलटिले, आणि मग आणखी एक उलटिले. पावसाच्या पानी त्यांनी चष्मा काढून पुसला. अंधाराच्या पानी खुर्ची थोडी मागे घेतली. तापाच्या पानी संपादिकाबाईंनी तोंडावर रुमाल धरिला, तो भयाने की दुसऱ्या कशाने, हे खात्रीने लिहवत नाही. शेवटी साहेबांनी फाईल मिटून तीवर पाण्याची बाटली ठेविली.

"माझ्या मुलीला हे वाचून दाखवलं, तर ती माझ्या खोलीत झोपायला येईल," साहेब म्हणाले. मग बाईंजवळच्या दुसऱ्या फाईलीकडे पाहून म्हणाले, "बरं, तुमचं काय होतं?"

हा प्रश्न त्या मेजावर बहुधा पहिल्यानेच विचारिला गेला. बाईंनी खालची फाईल उघडिली. साहेबांनी पाने सावकाश उलटिली. कुंपण, गाढव, ऊन, पाऊस, गाढव. आणि शेवटचे पान कोरे.

"इथे काय?"

"इथे हसेल."

साहेबांनी त्या कोऱ्या पानावर बोट फिरवून पाहिले. मग हुकूम जाहला की, दात माफ. गाढवाने आपल्या मर्जीने उदास राहावे. फुलपाखरे मात्र सुटणार नाहीत. आणि शेवटी त्याने ऐसे हसावे की इतका वेळ थांबल्याचे सार्थक व्हावे.

ऐसी सदरेवर फत्ते जाहली. परंतु खरा किल्ला पुढेच होता. बाई घरी येऊन शेवटच्या पानास बसल्या, तो हात भ्रष्ट झालेला. खोटे हसू काढून काढून बोटांस तेच वळण लागले. एक हसू उतरले ते दुकानदाराचे, दुसरे उतरले ते व्यंगचित्रातील पुढाऱ्याचे, आणि तिसरे लग्नाच्या फोटोत उभ्या केलेल्या पाहुण्याचे. कागद फाटले, टोपली भरली, आणि बाईंचे जेवणाकडे लक्ष लागेना. शेवटी गाढव पाठमोरे दाखवावे आणि सुटावे, ऐसा भ्याड विचारही मनास शिवून गेला; संपादिकाबाईंस तसे कळवावे म्हणून फोन हाती घेतला.

तो फोन लागण्यापूर्वी सासूबाईंचा लागला होता. सासूबाई आपल्या जागी परत आल्या होत्या, मोबाइल कानाशी खांद्याने दाबून मटार सोलीत होत्या, आणि बहिणीशी गुडघ्यांची हकीकत बोलत होत्या. गुडघे संपले, मग पलीकडून सुनेचे विचारिले असावे.

"तिचं काय," सासूबाई म्हणाल्या, "त्या साहेबाला नुसतं गाढव दाखवून गप्प केलंन म्हणे."

आणि इतके बोलून त्यांनी मान खाली घातली. सून चार हातांवर बसली आहे हे ध्यानी आले असावे. तोंड मिटलेलेच होते. परंतु ओठाचा डावा कोपरा हळूच वर गेला, उजवा जागचा हलेना, आणि डोळे मटारांत लपले. दोन श्वास टिकले, आणि गेले.

बाईंनी फोन ठेविला आणि पेन्सिल उचलिली. एक रेघ, आखूड, एकाच बाजूस वर. खोडरबर लागला नाही. कुंपणापाशी बदक उतरले होते, आणि गाढव त्याजकडे न पाहता, खाली गवताकडे पाहत, हसत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी रंगाच्या फडक्याने पुसले आणि गाल निळा करून घेतला.

सायंकाळी सासूबाई चष्मा लावून सरहद्द ओलांडून आल्या आणि पानापुढे उभ्या राहिल्या. या खेपेस झाकण घातले नाही.

"हे हसू ओळखीचं वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

विक्रीप्रमुखांपुढे ज्यांनी एक अक्षर खोटे सांगितले नाही, त्या बाई ब्रश धुता धुता म्हणाल्या, "तुमच्या लेकाचं."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून गोडच हसतो तो."

येणेप्रमाणे हा झगडा सिद्धीस गेला. पुस्तक छापून आले. कव्हरावर दात नाहीत, फुलपाखरे पुष्कळ आहेत, आणि गाढव शेवटच्या पानी एकदाच हसते. यजमान आल्यागेल्यास ते पान उघडून आपले हसू दाखवितात, आणि सासूबाई शेजारी बसून ओठाचा डावा कोपरा हळूच वर नेत मान डोलावितात. खरे काय ते बाई जाणे आणि गाढव जाणे.