आप्पांचं परराष्ट्र खातं

सकाळी मी गॅसवर चहा ठेवते आणि भिंतीपलीकडून हाक येते, "आगं, अमेरिका उठली का बघ!"

नवीन माणूस दचकतोच. माझी नणंद जतहून पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा तिच्या हातातून बशी सुटली. तेवढ्यात पलीकडून काकूंचं उत्तर आलं, "उठलीया. पर रशिया तापलाय, पंखा लावा त्येला." मग पुन्हा आप्पा, "जपानला हात लावू नगंस. त्यो सावकाश उठतोय, पर उठला की दिवसभर तक्रार न्हाई."

"वहिनी, शेजारी कुणी मंत्री राहतात का गं?" नणंदेनं हळूच विचारलं.

मंत्री कसले डोंबलाचे! शेजारी आमचे आप्पा राहतात. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे, डोक्यावर टोपी आणि खिशात कायम एक खोडरबर. कारखान्यानं नवीन मशीनं आणली तेव्हा जुनी भंगारात निघाली, आणि आप्पांना ते काही बघवेना. "बाई, ज्यांनी इतकं गळीत हंगाम काढलं, त्यांना आता भंगारवाल्याच्या तराजूत घालायचं व्हय?" असं म्हणत त्यांनी ती सगळी विकत घेतली आणि ट्रॉलीत भरून घरी आणली. उसाच्या ट्रॉलीतून कॉम्प्युटरची वरात आलेली आमच्या इस्लामपुरातल्या एकाच गल्लीनं पाहिली असेल, ती आमची. काकूंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बजावलं, "आलंया तर घ्या आत. पर माझ्या तांदळाच्या पिपाची जागा मागायची न्हाई."

तेव्हापासून त्यांच्या पुढच्या सोप्यात सगळं जग मांडलेलं आहे. प्रत्येक मशीनला आप्पांनी त्याचा स्वभाव बघून देशाचं नाव ठेवलं. अमेरिका सगळ्यात मोठी. ती वीज सगळ्यात जास्त खाते आणि कुणी विचारायच्या आधी सूचना द्यायला लागते. चीनमधून आवाज येत नाही, दिवा दिसत नाही, पण आत काहीतरी चालू असतं. इंग्लंड कधीचं बंद पडलं आहे, तरी खिडकीजवळची जागा सोडत नाही, आणि त्याचं क्रोशाचं कव्हर काकू दर महिन्याला धुऊन इस्त्री करतात. लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणारा एक डबा कोपऱ्यात आहे, त्याचं नाव युनो. "संकट आलं की नुसती बोंबलती बगा," आप्पा सांगतात, "आन आधार द्यायची पाळी आली की धा मिंटांत डोळं मिटती."

"आणि आपला भारत कुठाय?" मी एकदा विचारलं.

"भारत म्हंजे मी की! मी कुनाच्याच बाजूला न्हाई. सगळ्यांची धूळ पुसतो आन आल्यागेल्याला चा पाजतो."

त्या सोप्यात जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात. आप्पा नोकरीला लागले त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जायची बंदी होती, आणि ती बंदी उठल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस बूट काढायला तयार होईना, तर आप्पांनी त्याला उंबऱ्यावर उभं करून स्वतः आकडा वाचून दाखवला. त्यानं तो मुकाट्यानं लिहून घेतला.

मी हायस्कूलला शिकवायची. आमच्या शाळेचा कॉम्प्युटर अडकला की आप्पांना बोलावणं जायचं. एकदा आमचे हेडमास्तर रागानं माऊसवर टकटक टकटक करत सुटले होते. आप्पांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "सायेब, कुनाच्या दाराची कडी एकदा वाजवली की मानूस येतंय म्हणून थांबायचं असतंय. सारखी वाजवली तर आतलं मानूस बिथरतंय. दम धरा. लोड व्हतंय." हे "दम धरा, लोड व्हतंय" आप्पांचं सगळ्या रोगांवरचं औषध. निवडणुकीचा निकाल, शिजणारी आमटी, मुलगी बघून गेलेल्यांचा न आलेला निरोप, सगळ्याला तेच. हेडमास्तरांनी माऊस सोडला, मशीन सुरू झालं, आणि पुढे आठवडाभर हेडमास्तर आम्हा शिक्षकांवरसुद्धा ओरडले नाहीत.

माणसांबद्दल आप्पांचं मत चांगलं आहे. बिघडलेल्या माणसाला ते कुठंतरी धूळ साठलेलं माणूस समजतात. मशीनच्या आत लागलेली मेमरीची हिरवी पट्टी काढायची, तिच्या पितळी कडा खोडरबरानं पुसायच्या, पुन्हा बसवायची, की निम्मी मशीनं चालू होतात. "देशांचं आन मानसांचंबी असंच हाय बाई. मोठा बिघाड नसतोयच. कडा जुळंनात, एवडंच."

आता असा माणूस कुणाशी भांडेल असं वाटतं का? पण आप्पा भांडले. आणि भांडले तेही कुणाशी, तर सुभेदारांशी!

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले आप्पांचे बालमित्र. दोघं एकाच गावचे, पहिलीत एकाच दिवशी एकाच बाकावर बसले. आता सुभेदारांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. रोज संध्याकाळी दोघं ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसायचे आणि जगाचा कारभार बघायचे. दूर कुठंतरी एका मोठ्या देशानं शेजारच्या लहान देशावर रणगाडे घातले, आणि त्याचा धूर आमच्या पुलावर निघाला.

सुभेदार म्हणाले, "मोठा देश हाय. त्याची सरहद हाय. सिक्युरिटी बघावीच लागती."

आप्पा म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगनात शिरून बघायची व्हय रं सिक्युरिटी?"

शब्दानं शब्द वाढला. सुभेदार बोलून गेले, "तुला रं काय कळतंय? तू उभ्या जन्मात उसाच्या पावत्या छापल्यास!" आणि आप्पांसारखा आप्पा, त्यांनी उलट टोला हाणला, "आन तू उभ्या जन्मात दुसऱ्यानं शिट्टी मारल्यावर उठलास आन बसलास!"

झालं. दोघं दोन दिशांनी घरी गेले. एवढी जन्माची मैत्री, आणि ती मोडली कशावरून, तर ज्या दोन देशांना इस्लामपूर कुठं आहे हे ठाऊक नाही त्यांच्यावरून! मला तर दोघांना बाकावर उभं करावंसं वाटत होतं.

सगळ्यांना वाटलं, दसऱ्याला मिटेल. आमच्याकडे दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, हातात आपट्याचं पान ठेवायचं, सोनं म्हणायचं आणि पाया पडायचं. वर्षभराचं भांडण त्या पानाखाली गपगार होतं. पण या दोघांत धाकटा कोण? त्यांच्या वेळच्या मास्तरांनी शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचा जन्म एक जून लिहून टाकलेला. दाखल्यावर दोघांचा दिवस एक, साल एक. आप्पांची आई म्हणायची, हा सुगीत झाला. सुभेदारांची आई म्हणायची, हासुद्धा सुगीतच झाला. इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं, कारण दोघं पुलावरच एकमेकांना सोनं द्यायचे. आता मात्र दोघांनाही थोरलं व्हायचं होतं.

दसऱ्याला आप्पा नवा सदरा घालून सोप्यात बसले. शेजारी तबकात आपट्याची पानं. गल्लीतली सगळी धाकटी माणसं येऊन गेली. दारात पाऊल वाजलं की आप्पा मान वर करत आणि पुन्हा खाली घालत. मी सोनं द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "येईल. लोड व्हतंय." तिकडं सुभेदारही बिल्ले लावून, तबक घेऊन तसेच बसले होते, हे मला त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, दुसऱ्या दिवशी मंडईत सांगितलं. दोन्ही घरची पानं तबकातच सुकली.

त्यानंतर एके सकाळी मी चहा ठेवला आणि पलीकडून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी चपला बाहेर काढून आत गेले. सगळं जग बंद होतं. आप्पा युनोवर हात ठेवून बसले होते.

काकू म्हणाल्या, "दोन भाकरीवरनं अर्ध्यावर आलेत बगा. देवाला मी म्हनत हुते, ह्यांचं ह्ये मशीनचं याड जाऊ दे. आता गेलंय तर घर खायाला उठतंय."

मी म्हटलं, "आप्पा, जा की एकदा. तुम्हीच व्हा धाकटे. काय बिघडतंय?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, साऱ्या जगाची खबर हाय मला. आन त्येला बरं वाटत न्हाई, ही खबर मला दूधवाल्याकडनं कळती. त्येच्याबिगर करमत न्हाई वो. पर म्या गेलो आन त्यो बोललाच न्हाई, तर? मग कुठल्या तोंडानं माघारी येऊ?"

इतकी वर्षं शिकवून काही उपयोग नाही, असं वाटत घरी आले.

दिवाळीनंतर सुमनवहिनी माझ्याकडे आल्या. "बाई, आमचा कॉम्प्युटर बंद पडलाय. नुसता बीप बीप वरडतोय."

तो कॉम्प्युटर आप्पांनीच जुळवून दिलेला. सुभेदार त्याच्यावर रोज सकाळी पत्त्यांचा डाव लावतात आणि हरले की स्वतःला रागावतात. वहिनी पुढे म्हणाल्या, "ह्ये म्हनत्यात, मी कुनाला बोलवलेलं न्हाई. मशीन बिघडलंय, मेकॅनिकला बोलवा. कुठलाबी चालंल."

"मग बाजारपेठेतल्या पोरांना सांगायचं का?"

"त्ये चालायचं न्हाई," वहिनी घाईनं म्हणाल्या. "त्ये नवीन मशीनचे. कुठलाबी म्हंजे… जुना मेकॅनिक पायजे."

मी तडक आप्पांकडे गेले. ते म्हणाले, "मी त्येच्याकडं जानार न्हाई. मशीनकडं जाईन. मशीन माझ्या हातचं हाय." मी परत वहिनींकडे. तिकडून निरोप, मेकॅनिकनं पाच वाजता यावं. इकडून निरोप, मेकॅनिक साडेपाचला येईल. माझ्या चपला झिजल्या, पण करार झाला. आप्पा एका बिघडलेल्या मशीनला भेटायला कडक इस्त्रीचा सदरा आणि धुतलेली टोपी घालून निघाले. मी टॉर्च घेऊन मागे.

सुभेदार खोलीत खुर्चीवर ताठ बसले होते, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. ते आमच्याकडे न बघता वहिनींना म्हणाले, "मेकॅनिकला पानी दे."

आप्पाही वहिनींनाच म्हणाले, "वैनी, मालकांना सांगा, पानी नको. आधी काम."

त्यांनी डब्याचे स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. मी टॉर्च मारला आणि बघतच राहिले. ज्या खाचेत ती पट्टी असते, ती खाच रिकामी! आप्पांना ती पट्टी काढून पुसताना मी कितीदा पाहिलं होतं. दोन्ही बाजूंचे चिमटे बोटांनी दाबून उघडल्याशिवाय ती निघत नाही. आपली आपण पडून जायची वस्तू ती नव्हेच.

आप्पा त्या रिकाम्या खाचेकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी मान वळवून सुभेदारांकडे पाहिलं. मीही पाहिलं. सुभेदारांच्या शर्टाच्या खिशातून चष्म्याच्या घराशेजारी एक हिरवी कड वर आली होती. सुभेदार कॅलेंडर वाचत होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते. फौजेतला एवढा माणूस, त्याला चोरीसुद्धा धड लपवता येत नव्हती.

"अहो आप्पा, ती पट्टी तर…" मी तोंड उघडलं.

"बाई, टॉर्च नीट धरा!" आप्पा एवढ्या जोरात ओरडले की मी गप्पच झाले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. बघते तर डोळे भरलेले. त्यांनी सावकाश झाकण लावलं, सगळे स्क्रू परत घट्ट केले.

"वैनी, दुखनं जुनं हाय. एका दिवसात जायाचं न्हाई. मला रोज संध्याकाळचं यावं लागंल."

कॅलेंडरकडे बघतच सुभेदारांनी विचारलं, "किती दिस लागतील?"

"सांगता येत न्हाई. वरीसबी लागंल. जास्तबी लागंल."

सुभेदारांनी खिशावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. ते बायकोला म्हणाले, "मग रोजचा चा बिनसाखरेचा टाकत जा गं. मेकॅनिकला शुगर निघालीया. मला न्हाई सांगितलं त्यानं, पर मी इचारलं दवाखान्यात जाऊन."