उत्तम झालं तरी नको

स्वयंपाकाला बाई शोधणं हे काही अवघड काम नाही, असं प्राध्यापक शामकांतांचं ठाम मत होतं. ते नगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत आणि भिंगारला दोन खोल्यांत भाड्याने राहत. बायकोला, विजयाला, सातवा महिना लागला होता. पलंगावरून उठायचं नाही, अशी डॉक्टरांनी तिला ताकीद दिली होती. थोडे दिवस शामकांतांनी स्वतःच स्टोव्ह सांभाळला. मग एकदा त्यांच्या हातची आमटी समोर आल्यावर विजयाने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि बाई ठेवायचं ठरलं.

बाजारात भाजी विकणारी शेजारीण लंकाबाई मदतीला आली.

"आठ-नऊ बाया धाडते. रोज एकीच्या हातचं खाऊन बघा. पर हो का न्हाई ते तिथल्या तिथं सांगा, मास्तर. सायबांच्या बंगल्यांवर बायांना लई मागणी हाय. सकाळी सोडलेली बाई संध्याकाळी तुमाला गावायची न्हाई."

शामकांतांचे डोळे लकाकले. आयुष्यात प्रथमच संख्याशास्त्र त्यांच्या दारात चालून आलं होतं.

"विजया, याचं शास्त्र आहे," ते पलंगाशी खुर्ची ओढून म्हणाले. "नऊ जणी येतील असं धरू. पहिल्या तिघींना काहीही झालं तरी नाही म्हणायचं. त्यांच्यावरून नुसता अंदाज घ्यायचा. पुढे त्या तिघींपेक्षा सरस अशी जी पहिली येईल, तिला लगेच ठेवून घ्यायचं. सगळ्यांत चांगली बाई मिळण्याची शक्यता अशानेच सर्वांत जास्त."

"आणि पहिलीच सगळ्यांत चांगली निघाली तर?"

"नवात एकदा," शामकांत म्हणाले, आणि तो मुद्दा त्यांनी फळ्यावरून पुसल्यासारखा पुसून टाकला.

पहिली आली गोजरबाई. शेवगावकडची. तिकडे पाऊस झाला नव्हता म्हणून भिंगारला भावाकडे आलेली. रेशनवर तेव्हा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापायला घ्यावी, तर काठाला भेगा पडून परातीतच भाकरीचा नकाशा व्हायचा. गोजरबाईने उकळत्या पाण्यात पीठ मळलं, आणि तव्यावर तीच भाकरी टम्म फुगली. सोबत लसणाचं पिठलं. कित्येक दिवस अन्नाला नको म्हणणाऱ्या विजयाने एक भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि ताट बोटाने पुसलं.

शामकांतांनी घसा खाकरला. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण शास्त्र ते शास्त्र.

"बाई, तुम्हाला ठेवता येणार नाही."

"का वो? काय चुकलं?"

शामकांत खोटं बोलणारे नव्हते. "काही चुकलं नाही. उत्तम झालं. पण उत्तम झालं तरी नको."

गोजरबाईने पदराला हात पुसले, विजयाकडे एकदा बघितलं आणि ती गेली. दुपारी एका मेजरसाहेबांच्या बंगल्यावर ती कामाला लागलीसुद्धा. जाताना मात्र लंकाबाईच्या पाटीपाशी थांबून तिने झालेलं सांगितलं. 'उत्तम झालं तरी नको' हे बोलणं बाजाराच्या त्या टोकाला पोचेपर्यंत 'उत्तम झालं म्हणून नको' असं झालं. कुणी म्हणालं, मास्तर चिकट आहे, चव लागली की रेशन पुरत नाही. कुणी म्हणालं, पोटातल्या पोरासाठी नवस बोललाय. लंकाबाईला खरं काय ते ठाऊक नव्हतं, पण गरीब बायांना काम मिळावं एवढीच तिची तळमळ. पुढच्या प्रत्येकीला ती कानात सांगू लागली, "हात राखून रांध बरं."

दुसरीची आमटी म्हणजे गरम केलेलं पाणी होतं. तिसरीने भाकरी एका बाजूने करपवली. त्यांना नाही म्हणताना शामकांतांना अजिबात जड गेलं नाही. पण चौथीने मुठीने मीठ घातलं, आणि पाचवीची भाकरी मोडायला त्यांना खलबत्त्यातला बत्ता आणावा लागला. गंमत म्हणजे ते तोंड वाकडं करायचे तेव्हा बायांचे चेहरे आशेने फुलायचे. नकार मिळाला की त्या बाजारात जाऊन सांगायच्या, "एवढं बिघडवलं तरी त्याला कमीच पडलं." मग पुढची आणखी कंबर कसून यायची.

अशात डॉक्टर येऊन गेले. विजयाचं वजन उतरलं होतं. "यांना जेवायला घालता की नाही?" त्यांनी विचारलं. शामकांतांनी घाबरून सगळं गणित पुन्हा मांडलं. गणित बरोबर होतं. विजया मात्र डोळे मिटून पडली होती, आणि डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं.

सहावी आली छबूबाई. चांगली पोक्त बाई. तिने वरण शिजवलं, मिठाची मूठ भरली आणि पातेल्यावर धरून ती तशीच उभी राहिली. पलंगावरून विजयाला ते दिसत होतं. शामकांत नळावर पाणी भरत होते.

"काय झालं, बाई?"

छबूबाईला रडूच आलं. "माझ्यानं हुईना, ताई. पोटुशीच्या ताटात असलं कसं वाढू? पर लंकाबाई म्हनली, मास्तरांना चव चालत न्हाई. बिघडवल्याबिगर ठेवत न्हाईत म्हनं."

विजयाने तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. आधी तिला हसू आलं, मग राग आला, आणि मग भूकच लागली.

"छबूबाई, तुमच्या लेकीला कराल तसं मला करा."

शामकांत बादली घेऊन आत आले तेव्हा विजया दुसऱ्यांदा भात घेत होती.

"या राहणार," ती म्हणाली.

"पण अजून तिघी यायच्या आहेत. आणि गोजरबाईपेक्षा या सरस आहेत हे सिद्ध—"

"अहो."

एवढ्यावर शामकांतांचं शास्त्र संपलं. त्यांनी हातपाय धुतले आणि पाटावर बसले. पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वरण तळाला लागलेलं, त्यात मीठ समुद्राएवढं. त्यांनी विजयाच्या ताटात पाहिलं. तिथे पिवळंधमक वरण होतं, वर तुपाची धार.

"ताईंचं येगळं केलंय," छबूबाई स्टोव्हपाशी उभी राहून मायेने म्हणाली. "तुमचं तुमच्या आवडीचं. करपलंय ना नीट?"

शामकांतांनी बायकोकडे पाहिलं. ती फार मन लावून ताटातलं लिंबू पिळत होती.

"झालंय," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.