अल्पकाळ निश्चिती समितीपुढे आई

झोप लागणं ही माणसाची खाजगी बाब आहे. झोप न लागणं ही मात्र त्याच्या अख्ख्या कुटुंबाची बाब आहे. या थोर तत्त्वावर एक छोटीशी पिवळी गोळी उभी आहे आणि कित्येक वर्षं डुलकीही न काढता उभी आहे, हे तिचं मोठेपण.

ही गोळी मुळात वाहतं नाक थांबवण्यासाठी निघाली. शास्त्रात तिला अँटीहिस्टामिन म्हणतात, दुकानात "ती सर्दीची पिवळी द्या" म्हणतात. नाक थांबवता थांबवता ती नाकाच्या मालकालाही थांबवते, हा तिचा दुष्परिणाम. पुढे नाकापेक्षा मोती जड झाला आणि लोक दुष्परिणामासाठीच गोळी घेऊ लागले. तिला चिठ्ठी लागत नाही, दवाखान्यात ताटकळावं लागत नाही. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात आल्यावर लाजेकाजेस्तव एकदा तरी शिंकायचं. आता तेवढीही औपचारिकता उरलेली नाही.

पाकिटावर बारीक अक्षरांत एक ओळ असे: "झोपेसाठी केवळ अल्पकाळ वापरावी." ही ओळ सुखाने नांदत होती. पण कोणा चौकस ग्राहकाने औषध खात्याला विचारलं, की अल्पकाळ म्हणजे नक्की किती? हा प्रश्न ओळ लिहिणाऱ्यालाही कधी पडला नव्हता. तेव्हा रीतसर 'अल्पकाळ निश्चिती समिती' नेमण्यात आली, आणि तिला दीर्घ मुदत देण्यात आली.

समितीचे सदस्य-सचिव म्हणून ज्यांना बसवलं, त्यांना खात्यात सगळे तूर्तासराव म्हणत. त्यांच्या प्रत्येक टिपणीचा शेवट "तूर्तास प्रलंबित ठेवावे" असा होई, त्यावरून हे नाव पडलं होतं. माणूस अतिशय सज्जन. आयुष्यात त्यांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि हो म्हटल्याचंही कोणाच्या ऐकिवात नव्हतं. अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी कारकिर्दीत एकही निकाल घाईने दिला नव्हता (काही तर दिलेच नव्हते). शिवाय एक आकडेतज्ज्ञ आणि औषधविक्रेत्यांचे एक प्रतिनिधी. बैठका दुपारच्या जेवणानंतर भरत. पडदे ओढलेले, पंखा मंद, खुर्च्या पाठीला चांगल्या. सदस्य डोळे मिटून ऐकत, कारण त्याने एकाग्रता वाढते.

पहिला ठराव असा, की ही गोळी दीर्घकाळ घेणारी माणसं शोधावीत आणि त्यांचं काय झालं ते पाहावं. ठराव इतका शहाणपणाचा होता, की पुढे काय होणार याचा संशय तेव्हाच यायला हवा होता. घरोघर पाहणी झाली. सत्त्याण्णव टक्के लोकांनी सांगितलं, "रोज कुठे? आजच्या दिवस घेतोय." उरलेल्या तीन टक्क्यांनी सांगितलं, "उद्यापासून बंदच करणार आहे." दीर्घकाळ घेणारे: शून्य.

"आणि खप?" अध्यक्षांनी विचारलं.

"खप भरपूर आहे," विक्रेत्यांचे प्रतिनिधी म्हणाले. "पण तो सगळा सर्दीचा."

आकडेतज्ज्ञांनी यावरून एक मोलाचा निष्कर्ष काढला. देशात सर्दीची साथ बारमाही असून ती जेवणं आटोपल्यावर जोर धरते, आणि नाकापेक्षा डोळ्यांना जास्त होते. समितीने या शोधाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं.

आता, काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती. नाहीतर तूर्तासरावांच्या घरी आतल्या खोलीत त्यांची आई झोपलेली होती, हे कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

आईला एकदा सर्दी झाली होती. कधी, ते कोणाला सांगता येत नाही; घरात नव्या गाद्या आल्या तेव्हा, एवढं नक्की. त्या सर्दीत तूर्तासरावांनी तिला पिवळी गोळी दिली आणि आई लवकर झोपली. आई झोपली म्हणजे घर झोपलं. एरवी ही बाई निजानीज झाल्यावर घरभर फिरायची, गॅस बंद आहे का ते बघायची, दाराची कडी पुन्हा लावायची आणि सुनेला उठवून विचारायची, "तू झोपलीस का गं?" गोळीच्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सर्दी गेली. गोळी राहिली.

गोळीचा स्वभाव असा, की चार दिवसांत शरीराला तिची सवय होते आणि झोप पातळ होत जाते. बाकीचं सामान मात्र ती हलवत नाही. आईच्या तोंडाला कोरड पडू लागली. पोट साफ होईना. सकाळी ती बराच वेळ भिंतीकडे पाहत बसे. मग तूर्तासराव एकाऐवजी दीड गोळी देऊ लागले. हे सगळं ते प्रेमाने करत होते, याबद्दल दुमत नाही. आई शांत आहे, दमून आल्यावर आपल्यालाही झोप मिळतेय, दोन्ही गोष्टी जमताहेत, यात वाईट काय, असं त्यांना वाटे.

घराला पहिली शंका आली ती पत्त्यांवरून. आई रमी खेळताना लबाडी करायची. साधीसुधी नव्हे, वर्षानुवर्षं मुरलेली. एक पान मांडीखाली, एक चष्म्याच्या घरात, आणि पकडली गेली की "अगं बाई, हे इथे कसं आलं?" असं म्हणून समोरच्यावरच संशय घ्यायची. शेजारच्या बायका हरायलाच येत. अशी ही आई एका संध्याकाळी सरळ खेळली. पानं लपवली नाहीत, दुसऱ्याच्या हातात डोकावली नाही, आणि हरल्यावर "छान खेळलीस हो" म्हणाली. शेजारीण घरी जाताना सुनेच्या कानात म्हणाली, "सासूबाईंना डॉक्टरांना दाखवा. त्या प्रामाणिक झाल्यात."

त्याच आठवड्यात आईने तूर्तासरावांना तिच्या कधीच वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. तूर्तासराव हसले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. त्यांना फार भीती वाटली होती. आई आपल्याला विसरणार, असं त्यांना दिसू लागलं, आणि हा विषय तूर्तास प्रलंबित ठेवता येण्यासारखा नव्हता.

डॉक्टरांनी आईला तपासलं, वार विचारला, महिना विचारला. मग तूर्तासरावांकडे वळून म्हणाले, "औषधं काय काय चालू आहेत?"

"काही नाही," तूर्तासराव म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते. पिवळी गोळी आपली आपण आणतो. खात्याच्या टिपणीत त्यांनी स्वतःच तिचं वर्णन 'औषधसदृश घरगुती वस्तू' असं केलं होतं. डॉक्टरांनी मग आठवण टिकावी म्हणून एक गोळी लिहून दिली. आता आई सकाळी आठवण्याची गोळी घेई आणि संध्याकाळी विसरण्याची. मध्ये पोटासाठी चूर्ण आणि तोंडाला ओल येण्यासाठी औषध. तूर्तासरावांच्या प्रशासकीय दृष्टीला हा समतोल उत्तम वाटला. दोन्ही बाजूंना समान संधी मिळत होती.

हा कारभार थोरल्या ताईने मोडला. ताई चार दिवस राहायला आली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने भावाचा हात धरला.

"हे काय देतोयस तिला?"

"औषध नाही गं ताई, सर्दीची गोळी आहे."

"आईला सर्दी झालीय?"

"झाली होती."

"कधी?"

तूर्तासराव बोटांवर मोजू लागले. ताईने तोवर पाकिटातला घडीचा कागद उलगडला, आईचं भिंग घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागली. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवीला त्रास, वयस्करांमध्ये गोंधळ, तोल जाणे. ती एकेक शब्द वाचून आईकडे बघत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मेल्या, हे तर आईचं वर्णन लिहिलंय! तुम्ही लोक हे छापता आणि वाचत नाही?"

"आम्ही तपासतो," तूर्तासराव म्हणाले. "वाचणं ग्राहकाकडून अपेक्षित आहे."

ताई दुसऱ्या दिवशी आईला आणि पाकिटाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तूर्तासरावांवर उखडले. "मी तुम्हाला विचारलं होतं ना?" मग शांत होऊन त्यांनी गोळी हळूहळू कमी करायला सांगितली. त्यांनी हेही सांगितलं, की यात वयाचा भाग किती आणि गोळीचा किती हे कोणालाच छातीठोक सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये विसरभोळेपणा जास्त दिसतो असे काही अभ्यास आहेत, पण गोळीमुळेच होतो असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. "पण न घेण्याने तुमचं काय बिघडणार आहे?" ते म्हणाले. तूर्तासरावांना याचं उत्तर माहीत होतं. त्यांची झोप बिघडणार होती.

आणि बिघडली. आई पुन्हा घरभर फिरू लागली. पुन्हा कड्या वाजल्या, पुन्हा सून उठवली गेली. पण होता होता आईची नजर निवळली. ती मुलाला मुलाच्या नावाने हाक मारू लागली, आणि त्याला जोडून दोन शिव्याही देऊ लागली. काही शब्द परत आले नाहीत. 'ते हे' म्हणून ती त्यांच्यावरून पुढे जाई. पण एका संध्याकाळी तिच्या मांडीखालून राणी निघाली, तेव्हा तूर्तासराव पत्ते टाकून उठले आणि रडले. त्यांना इतकं रडताना बायकोने लग्नापासून पाहिलं नव्हतं.

माणूस हलला की धाडस करतो. तूर्तासरावांनी समितीला सांगून टाकलं, की दीर्घकाळ गोळी घेतलेली एक व्यक्ती सापडली आहे आणि ती माझी आई आहे. सदस्यांनी डोळे उघडले. नियमानुसार साक्ष गोळी वापरणाऱ्याने स्वतः द्यायची होती, म्हणून पुढच्या बैठकीला आईला बोलावण्यात आलं. ती इस्त्रीची साडी नेसून आली आणि तिने पाठीला चांगली खुर्ची नाकारली.

"आजी, तुम्ही ही गोळी रोज घेत होतात का?" अध्यक्षांनी विचारलं.

"घेत होते म्हणजे? हा द्यायचा."

"किती वर्षं?"

"ते कसं आठवणार? त्या गोळीनेच तर सगळं पुसलं!"

अध्यक्षांनी आकडेतज्ज्ञांकडे पाहिलं. "कालावधी आठवत नाही, असं नोंदवा. म्हणजे दीर्घकाळ वापर सिद्ध होत नाही."

"अहो, पण तेच तर सांगतेय मी," आई म्हणाली. "आता जरा ठीक आहे. बंद केल्यापासून डोकं चालतंय. आल्यापासून बघतेय, तुमच्यातले एक पेंगताहेत, दुसऱ्यांनी तीनदा माझं नाव विचारलं, आणि तुमच्या कोटाच्या वरच्या खिशातून ती पिवळीच पट्टी डोकावतेय."

अध्यक्षांनी पट्टी आत ढकलली आणि म्हणाले, की ही आजच्या दिवसासाठी आहे. मग त्यांनी कारकिर्दीतला सर्वात जलद निकाल दिला. साक्षीदार बाईंची निरीक्षणशक्ती आणि वाणी दोन्ही उत्तम असून दीर्घ वापर झाला असल्यास त्याचा कोणताही अपाय दिसून येत नाही.

"पण साहेब, बंद केल्यावर ती सुधारली," तूर्तासराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज चढला होता. "आधी आणली असती तर तिला माझं नावही सांगता आलं नसतं!"

"तर मग साक्ष ग्राह्य धरता आली नसती," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "ज्याला आठवत नाही त्याची साक्ष चालत नाही, आणि ज्याला आठवतं त्याला काही झालेलं नसतं. समितीने तरी काय करावं?"

आई उठली. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चल रे. इथे कोणी जागं नाही."

तूर्तासरावांनी अहवालाला भिन्न मत जोडलं. ते स्वीकारण्यात आलं आणि पाकिटातल्या कागदाच्या टाइपात शेवटच्या पानावर छापण्यात आलं. अल्पकाळाची व्याख्या ठरली: 'वापरणाऱ्याला जेवढा आठवतो तेवढा काळ.' नंतर मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवला. अट एकच, की घरात जी व्यक्ती गोळी घेते तिला ती कोणी आणि कधी सुरू केली, हे हरकत घेणाऱ्याने स्वतः लिहून द्यावं. मुदत संपेपर्यंत एकही हरकत आली नाही.

तुमचीही नाही. तेव्हा तुमच्या घरात असं कोणी नाही, हे समितीने मान्य केलं आहे. आतल्या खोलीत ज्या रोज लवकर झोपतात, त्या मुळातच शांत स्वभावाच्या आहेत, असं तुम्ही कळवल्याचं धरण्यात आलं आहे.